पितळी रेझरचा खून

गुन्हेगार पकडायला पिस्तूल लागत नाही, भरधाव मोटार लागत नाही, भिंगसुद्धा लागत नाही. लागते ती फक्त बुद्धी, आणि ती माझ्याकडे घरखर्च भागून उरेल इतकी आहे. ही बढाई नव्हे. उंच माणसाने आपली उंची सांगितली तर त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाही. तेवढ्याच साधेपणाने मी माझ्या बुद्धीबद्दल बोलतो. कपाळ रुंद, नाक जरा पुढे आलेलं, आणि कान असे की शेजारच्या घरात कोण कोणाला काय म्हणालं ते मला न ऐकताही कळतं. मला घडवताना निसर्गाने काहीतरी ठरवूनच हात चालवला असणार.

नोकरीत असताना मी घरोघर जाऊन पाण्याची मीटरं वाचायचो. लोकांना वाटायचं, हा आला, आकडा टिपून जाईल. पण आकडा टिपताना मी ते अख्खं घर वाचत असे. त्या नादात कधीकधी आकडाच टिपायचा राहून जाई आणि त्यावरून ऑफिसात कुरबूर होई, पण मोठ्या माणसांना हे सोसावंच लागतं. निवृत्त झालो आणि मी स्वतःला संपूर्णपणे तपासाला वाहून घेतलं. माझं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे गायब झालेली छत्री. ती शेवटी मालकिणीच्या दारामागेच सापडली हे खरं, परंतु ती धोब्याने पळवली आहे हे मी ज्या तर्काने सिद्ध केलं होतं, त्यात आजवर कोणाला चूक काढता आलेली नाही.

माझा मदतनीस म्हणजे माझा मेहुणा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर फिरतो, कारण माझ्या बायकोने त्याला बजावून ठेवलंय की यांना एकटं कुठे सोडू नकोस. माझ्या जिवाला धोका आहे हे तिच्या लक्षात आलेलं दिसतं. मेहुणा बोलतो कमी, आणि जे बोलतो ते बहुतेक वेळा तपासाच्या आड येतं.

तर अशाच एका सुटीच्या सकाळी मिस्त्री माझ्याकडे आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं दाढीचे रेझर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. पुढे वर्कशॉप, मागे घर, आणि दोन्ही मिळून एकच मीटर, त्यामुळे माझी त्यांची ओळख जुनी. त्यांनी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला आणि असा दाबला की माझी बोटं एकमेकांवर चढली. शोक माणसाच्या हातात उतरतो हे मी तत्काळ ताडलं. पुढची दहा मिनिटं मला पेन धरता येईना, म्हणून टिपणं घ्यायचं काम मेहुण्याकडे दिलं.

मिस्त्रींनी खिशातून एक रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत एका रेझरचे सुटे भाग होते.

"याचा कोणीतरी घात केलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मिस्त्री हाडाचे टर्नर. जन्मभर एकाच लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, त्यांनी पितळेचे रेझर बनवले. पितळेचा दांडा कातायचा, त्यात आटे पाडायचे, वरून क्रोमचा मुलामा द्यायचा. त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा रेझर आज त्याचा नातू वापरतो. आता मुलं हाताशी आली आणि दोघांना दोन वेगळे धातू सुचले. थोरला म्हणाला, जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतू या, तुमचा एक दांडा कातून होईपर्यंत माझे दहा तयार. धाकटा म्हणाला, स्टेनलेस स्टीलचे बनवू, महाग पडतील, पण मुलामाच नाही तर उडणार काय. जेवायला बसलं की धातू, उठलं की धातू. घरात दुसरा विषय राहिला नाही. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. प्रत्येक धातूचा एक रेझर करायचा, ज्याचा त्याने रोज वापरायचा, एकाच बाथरूममध्ये, एकाच पाण्याने, एकाच साबणाने. वर्षाअखेर जो चांगल्या अवस्थेत असेल तोच यापुढे बनवायचा. पितळ हरलं तर लेथ भंगारात जाणार, कारण त्या खोलीत जुनं आणि नवं अशी दोन यंत्रं मावत नाहीत. थोरल्याने भंगारवाल्याला बोलूनही ठेवलं होतं.

वर्ष संपत आलं होतं. पितळी रेझर ठणठणीत होता. आणि आदल्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी तो दाढीला उचलला, तर वरची टोपी बेसिनमध्ये पडली आणि दांडा तेवढा हातात राहिला.

"आटे गेले," त्यांनी मला दाखवलं. टोपीच्या खाली एक खिळा असतो, त्यावर दांडा फिरवून घट्ट बसवायचा असतो. इथे दांडा नुसताच गोल फिरत होता. आतले आटे झिजून भुईसपाट झाले होते.

"मी पाडलेले आटे वर्षात जात नाहीत," मिस्त्री म्हणाले. "आणि आमच्या बाथरूममध्ये बाहेरचं कोणी येत नाही. म्हणजे दोघांपैकी एक. कोण ते मला सांगा. पण जरा हळू सांगा."

मी त्यांना विचारलं, एका लेथसाठी एवढं का मनाला लावून घेताय. ते बराच वेळ रुमालाच्या घड्या करत राहिले.

"लेथ गेली, तर मी सकाळी उठून जायचं कुठे?"

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी प्रकरण हाती घेतलं.

मिस्त्रींचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. मधोमध लेथ, तिच्यासमोर बसून बसून मध्ये खोलगट झालेलं लाकडी स्टूल, खाली पितळेचा पिवळा कीस. एका कोपऱ्यात थोरल्याची जस्त वितळवायची भट्टी आणि साचे, दुसऱ्या कोपऱ्यात धाकट्याने आणून ठेवलेल्या स्टीलच्या कांड्या. तिघं बापलेक एकाच खोलीत तीन दिशांना तोंड करून काम करतात हे मी पाहताक्षणी टिपलं. मेहुणा म्हणाला, खिडक्या तीनच आहेत, उजेडाला बसत असतील. याला म्हणतात तपासाच्या आड येणं.

थोरली सून चहा घेऊन आली. ती तयार रेझर डब्यांत भरायचं काम करते आणि घरही तीच बघते. चहा बिनसाखरेचा होता. साखरेची बरणी उघडत नाहीये, ती ओशाळून म्हणाली. या घरात काहीतरी झाकून ठेवलं जातंय असं माझ्या मनात आलं. मेहुणा उगाच मदतीला धावला, बरणी पोटाशी धरून लालबुंद झाला आणि परत आला. त्याच्या मनगटात जोर असा कधी नव्हताच.

मग आम्ही घटनास्थळी, म्हणजे बाथरूममध्ये गेलो. नळ उघडायला मला दोन्ही हात लावावे लागले आणि तरीही मेहुण्याला पाठीमागून जोर द्यावा लागला. गुन्हेगाराने जाताना नळ जिवाच्या आकांताने बंद केला होता. कशासाठी, तर पाण्याचा थेंबही मागे राहू नये आणि थेंबावरून माग लागू नये म्हणून. अतिशय थंड डोक्याचा माणूस असणार, मी म्हणालो.

"किंवा नुसता जोर असलेला," मेहुणा म्हणाला. मी दुर्लक्ष केलं.

आरशाखाली एक लाकडी पट्टी होती, तिला चार खाचा. एका खाचेत थोरल्याचा जस्ताचा रेझर, एकीत धाकट्याचा स्टीलचा, मिस्त्रींची रिकामी, आणि चौथीही रिकामी. चौथीबद्दल विचारताच सून म्हणाली की एक ॲल्युमिनियमचाही होता, पाहुण्यांसाठी. तो चकचकीत करायला कपड्यांच्या सोड्यात भिजत टाकला आणि तसाच राहिला. सकाळी पाहिलं तर काळाठिक्कर, अंगावर बारीक खड्डे.

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे हा पहिला खून नव्हता. एक धातू काळा करून मारला, दुसऱ्याचे आटे काढले. कोणीतरी एकेका धातूचा काटा काढत चाललं होतं.

"तो मीच टाकला होता," सून म्हणाली. "सांगितलं होतं ना तेव्हा सगळ्यांना."

मी तिला संशयितांच्या यादीत सर्वांत वर घेतलं.

उरलेले दोन रेझर मी नाकाशी धरून तपासले. जस्ताचा लांबून नव्यासारखा झळकत होता, पण दांड्याच्या बुडाशी मुलाम्याला एक बारीक फोड आला होता आणि त्यातून पांढरी पूड निघत होती. मी ती जिभेला लावून पाहिली. साबण नव्हता. विष, मी म्हणालो. मेहुण्याने मला चूळ भरायला लावली आणि मग सांगितलं की मुलाम्याला फट पडली, पाणी आत गेलं की खालचं जस्त असंच पांढरं होऊन खात सुटतं; त्यांच्या दुकानात स्वस्तातल्या चष्म्यांच्या बिजागऱ्या अशाच येतात. पितळेचं तसं नाही, तो म्हणाला. मुलामा उडाला तरी खालचं पितळ शाबूत राहतं. मिस्त्रींच्या दांड्यावर अंगठ्याच्या जागी मुलामा उडून पिवळं दिसत होतं, तिथे खरोखरच एकही खड्डा नव्हता. ही माहिती तपासाला निरुपयोगी असल्यामुळे मी ती मनात ठेवली नाही.

स्टीलच्या रेझरवर मात्र मला खरा धागा सापडला. त्यावर धूळ होती. एकही बोटाचा ठसा नाही. ज्याच्या रेझरवर स्वतःचेसुद्धा ठसे नाहीत तो माणूस किती सावध असेल, याची कल्पना करा.

म्हणून आधी धाकट्याला बोलावलं. तो दारात उभा राहिला आणि मी थक्क झालो. छातीपर्यंत नाही, पण चांगली भरघोस दाढी. रेझर बनवणाऱ्या घरातला मुलगा आणि दाढी! हे सोंग होतं. मी एक शब्द न बोलता पुढे झालो आणि दाढी धरून जोरात ओढली.

दाढी खरी होती. धाकटा जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. मेहुण्याने त्याला पाणी दिलं, माझ्या वतीने माफी मागितली आणि भावोजींना जरा उन्हाचा त्रास होतो असं काहीबाही सांगितलं. बाहेर ढगाळ होतं.

थोरल्याची झडती मी अधिक सभ्यपणे घेतली. त्याच्या शर्टाच्या खिशातून एक नारिंगी प्लास्टिकचा, वापरून फेकायचा रेझर निघाला. त्याने तो हिसकावून घेतला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मी विचारलं, हे हत्यार कशाचं. तो म्हणाला, कशाचं काय, दाढीचं. माणसाला कोंडीत पकडलं की तो असंच खरं वाटेलसं काहीतरी बोलतो.

संध्याकाळी मी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये जमवलं. शेवटचा उलगडा असाच करायचा असतो. मिस्त्री लेथसमोर स्टुलावर बसले, मुलगे आपापल्या कोपऱ्यात. सून दाराशी होती, तिला मी बसायला सांगितलं तर म्हणाली, मी चहा टाकते, तुमचं चालू द्या. मेहुणा माझ्या कोपरापाशी उभा राहिला. तो अशा वेळी तिथेच उभा राहतो.

मी गळा साफ केला आणि सुरुवात केली. प्रथम मी दाखवून दिलं की स्टील म्हणजे लोखंडाचं भावंड. शेजारच्या खाचेत वर्षभर टांगलेलं स्टील पितळेतला दम हळूहळू ओढून घेतं, लोहचुंबकासारखं.

"पितळेला लोहचुंबक लागत नाही, भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला.

मी तो मुद्दा सोडून पुढे गेलो. आटे बाहेरून कोणी काढू शकत नाही. म्हणजे दांडाच बदलला गेला होता. हुबेहूब दुसरा दांडा कोण करू शकतं? जो साचे करतो तो. मी थोरल्याकडे बोट दाखवलं. त्याने बापाच्या दांड्याचा साचा घेतला, जस्ताचा खोटा दांडा ओतला, खरा लपवला. मिस्त्रींनी दांडा हातात तोलला आणि म्हणाले, हा पितळेचाच आहे, वजनच सांगतंय. ठीक आहे, मी म्हणालो, मग धाकटा. स्टीलचा खिळा पितळेत घालून त्याने रोज रात्री थोडे थोडे आटे कुरतडले असणार. दाढी वाढवली ती तोंडावरचे भाव दिसू नयेत म्हणून. आणि थोरल्याला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच तो बाथरूममधल्या रेझरला हात लावायला घाबरत होता आणि प्लास्टिकचा बाळगत होता. दोघांचं संगनमत होतं.

मी थांबलो. टाळ्यांची सवय मला नाही, पण निदान कोणीतरी उसासा टाकेल असं वाटलं होतं.

मिस्त्रींनी मुलांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. इतके मोठे हात असे रिकामे पडलेले मला बघवेनात आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझा तर्क चुकलेला असावा.

थोरलाच पुढे आला. त्याने खिशातला प्लास्टिकचा रेझर काढून लेथवर ठेवला. त्याच्या जस्ताच्या रेझरला फोड आला तेव्हाच त्याला कळलं होतं की हा वर्ष काढणार नाही. म्हणून त्याने तो वापरायचंच सोडलं. रोज ओला करून, पुसून परत टांगायचा आणि दाढी प्लास्टिकच्या रेझरने उरकायचा. धाकट्याने खाली मान घालून दाढी खाजवली. तो म्हणाला की त्याचा स्टीलचा रेझर चांगलाच होता, पण ओरखडा पडून कोणी खुसपट काढू नये म्हणून त्याने दाढीच वाढवली, आणि कडा त्याच रेझरने कोरतो असं घरी सांगितलं. बाबांच्या रेझरला मात्र दोघांनी हात लावला नव्हता. हे दोघं एकदमच बोलले.

"म्हणजे वर्षभर वापरला तो मी एकट्याने," मिस्त्री म्हणाले.

थोरल्याने लेथवरचा प्लास्टिकचा रेझर उचलून परत खिशात टाकला.

"मग झालं तर. माझाच मोडला. तुम्ही नाही ना केलं, मग लेथ गेली तरी चालेल." त्यांनी लेथच्या चाकावरचा कीस हाताने पुसला. "बोलाव त्या भंगारवाल्याला."

थोरला जागचा हलला नाही. ज्या गोष्टीसाठी तो वर्षभर भांडला होता ती त्याला मिळाली होती आणि त्याचा चेहरा मात्र पडला होता.

तेवढ्यात सून आतून आली, हातात ती साखरेची बरणी. इथे काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

"बाबा, एवढं जरा उघडून द्या. सकाळी चहा करून तुम्हीच लावलंत हे झाकण. मी फडकं लावून पाहिलं, लाटणं मारून पाहिलं, गरम पाण्यात उलटं धरलं."

मिस्त्रींचं लक्ष मुलांकडे होतं. त्यांनी न बघता बरणी घेतली, दोन बोटांनी झाकण फिरवलं आणि तिच्या हातात दिली. सून बरणी घेऊन वळली आणि दोन पावलांवर थांबली. तिने झाकणाकडे पाहिलं. मग लेथवर पडलेल्या त्या आटे गेलेल्या दांड्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही रेझर कसा आवळता?"

"सगळे आवळतात तसा."

"आवळून दाखवा बरं."

तिने बाथरूममधून जस्ताचा रेझर आणला. मिस्त्रींनी टोपी बसवली, दांडा फिरवला, आणि शेवटी मनगटाला एक छोटासा झटका दिला, आपण वाक्याशेवटी टिंब देतो तसा. टक् असा आवाज झाला. खिळा मुळापासून मोडून टोपी एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात राहिला. मोडलेल्या जागी जस्त राखाडी, दाणेदार दिसत होतं. मिस्त्री दोन्ही तुकड्यांकडे असे बघत राहिले की जणू ते दुसऱ्याच कोणी मोडले होते.

मग सुनेला बोलणं आवरेना. या घरात आल्यापासून तिने एक बरणी सरळ उघडलेली नाही. गॅसचं बटण पक्कड लावून फिरवावं लागतं. नळाचे वायसर महिन्याला बदलावे लागतात. मागे पाहुण्या आलेल्या आत्याबाई बाथरूममध्ये अर्धा तास अडकल्या, कारण त्यांच्या आधी बाबांनी आतली मूठ आवळून बसवली होती. वर्षभर रोज सकाळी तो झटका बसल्यावर पितळेचे आटे राहतील कसे? उलट वर्षभर टिकले कसे, याचंच तिला नवल वाटत होतं.

"मग तू बोलली का नाहीस इतकी वर्षं?" थोरल्याने विचारलं.

"बोलायचं काय? मला वाटायचं माझ्याच हातात जोर नाही."

मिस्त्री हळूहळू बोलले. ते नवे नवे टर्नर होते तेव्हा त्यांच्या शेजारच्या लेथवर एकाने कातायचा नग यंत्रात नीट आवळला नव्हता. यंत्र सुरू झालं, नग उडाला, आणि त्या माणसाचा डोळा गेला. रक्त यांच्या शर्टावर उडालं होतं. तेव्हापासून हात थांबतच नाही, ते म्हणाले. पुरेसं आवळलं तरी आणखी एकदा आवळल्याशिवाय सोडवत नाही. रेझर असो, बरणी असो, त्यांना वाटतं सगळं जग इतकंच घट्ट असतं.

गुन्हेगार घरातलाच आहे हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. मी ते इथे पुन्हा एकदा बोलून दाखवलं. मेहुण्याने माझं कोपर धरलं.

"स्टीलचा बघू या," धाकटा अचानक म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. इतरांचे दोन्ही गेले, आता त्याचा दिवस होता. त्याने धूळ पुसून आपला रेझर बापाच्या हातात दिला. मिस्त्रींनी आवळला, झटका दिला. काही तुटलं नाही, काही झिजलं नाही. धाकट्याने विजयी मुद्रेने रेझर घेतला आणि उघडायला गेला.

उघडेना. त्याने रुमालात धरून फिरवला, पक्कड आणली, पाना आणला. थोरला मदतीला आला, मग मेहुणा, आणि शेवटी मीही टोकाला हात लावला. मिस्त्रींनी स्वतः घेतला तर त्यांच्याही हातून सुटेना. स्टीलवर स्टील घासलं गेलं की आटे एकमेकांना घट्ट चिकटतात, ते म्हणाले, मग कापल्याशिवाय सुटका नाही. ब्लेड आत कायमचं अडकलं होतं. न मोडलेला, न गंजलेला, आणि यापुढे कधीही दाढी न करणारा रेझर धाकट्याच्या हातात होता.

एव्हाना मिस्त्रींनी आपला पितळी दांडा उचलून उजेडात धरला होता. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की यात नवीन आटे पाडता येतील, एक माप मोठे, खिळा दुसरा करावा लागेल, पण दांड्याला काही झालेलं नाही. मग त्यांनी धाकट्याच्या हातातल्या रेझरकडे मान वळवली.

"याच्या पोटात पितळेची नळी बसवून तिच्यात आटे पाडले असते, तर चिकटला नसता. स्टील आणि पितळ एकमेकांना धरून बसत नाहीत."

"तुम्ही पाडाल?" धाकट्याने विचारलं.

"लेथ राहिली असती तर पाडले असते."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरला त्याच्या मोडक्या जस्ताचे तुकडे तळहातावर घेऊन उभा होता. त्याचा माल दहापट वेगाने तयार झाला असता आणि गिऱ्हाइकांच्या हातात एकेक करून मोडला असता, आणि लोक शिव्या देताना बापाचंच नाव घेणार होते. हे त्याला त्या क्षणी दिसलं असावं. त्याने तुकड्यांवर मूठ मिटली. सून बोलली.

"इथून जाईल तो प्रत्येक रेझर आधी बाबांनी आवळायचा. यांच्या हातात टिकला तर कोणाच्याही हातात टिकेल. आणि यांच्या हातून मोडला तर परत करायला हे इथे आहेतच."

मिस्त्रींनी स्टूल पुढे ओढलं, स्टीलचा रेझर लेथमध्ये धरला, आवळला, सवयीने आणखी एकदा आवळला. इथे मात्र ते बरोबर होतं. पट्टा फिरू लागला आणि सगळी खोली त्या आवाजाने भरून गेली. धाकटा स्टीलची कांडी घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सून साखर घातलेला चहा घेऊन आली, पण कप हातात घ्यायला मिस्त्रींना सवड नव्हती.

मी त्यांचा चेहरा पाहिला. माणूस सुखात होता. मलाही बरं वाटलं, आणि हे मी कोणत्याही तर्काशिवाय सांगतो.

आम्ही निघायच्या बेतात होतो तेव्हा थोरल्याचा फोन वाजला. भंगारवाला होता. गाडी कधी आणू विचारत होता. थोरला फोन घेऊन दाराशी आला, आमच्या अगदी शेजारी, कारण आत काही ऐकू येत नव्हतं.

"नको आणू," तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "नाही, किमतीचा प्रश्न नाही. भाव वाढवूनही नको... अरे, देता येत नाही. माणूस काम करतोय तिच्यावर."

त्याने फोन बंद करून खिशात टाकला. आतून लेथच्या आवाजावरून मिस्त्रींनी मोठ्याने विचारलं, कोण होतं रे.

"राँग नंबर," थोरला म्हणाला, आणि बाह्या वर करत आत गेला.